मुकादमाला कसं शिकवायचं?

प्रश्न : ताई, तासगावात आमचं बेदाणा पॅकिंगचं युनिट आहे. बौद्धिक दिव्यांगत्व असलेले तीन तरुण कामाला घेतलेत. मुकादमांसाठी व्याख्यान ठेवलं, तरी त्यांचं ओरडणं थांबत नाही. एक जण 15 किलोच्या बॉक्समध्ये पिशवी घालायची विसरतो. मुकादम वैतागून स्वतःच घालतो. काय करावं?
– एक वाचक

उत्तर : व्याख्यानातलं मुकादमांना चहा-भजी तेवढी आठवत असणार. दिव्यांगांच्या कार्यशाळेत निदेशक असताना माझाही भर चार गोष्टींवर असे : सांगायचं, करून दाखवायचं, समोरच्याकडून करून घ्यायचं आणि काय जमलं, काय नाही ते तिथल्या तिथे बोलायचं. शेवटच्या दोन गोष्टी बहुतेक जण गाळतात. उद्या तुम्हीच कामगार व्हा, मुद्दाम पिशवी विसरा आणि मुकादम काय करतो ते बघा.

त्याने पिशवी घालून दिली की कामगार एवढंच शिकतो, की थांबलं की काम होतं! त्यापेक्षा प्रत्येक रिकाम्या बॉक्सवर एक पिशवी ठेवा. ती उचलल्याशिवाय बॉक्स हाती येणार नाही. तरी तो अडला, तर मुकादमाने मनात पाच आकडे मोजेपर्यंत गप्प राहायचं. मग नुसतं पिशवीकडे बोट. तेवढ्यानं नाही जमलं तर एक घालून दाखवायची, काढायची आणि त्याला घालू द्यायची. जमायला लागलं की ही मदत कमी करत न्यायची, नाहीतर तो बोटाचीच वाट बघत उभा राहील.

शाबासकी नेमकी हवी. ‘छान छान’ नको; ‘पिशवीची कड चारही बाजूंनी बाहेर दुमडलीस, बरोबर’ असं, आणि लगेच. डोक्यावरून हात फिरवायचा नाही, तो मोठा माणूस आहे. चूक झाली म्हणून चहाची सुट्टी कापणं तर अजिबात नको.

ओरडण्याबद्दल मुकादमांना हेही कळू दे : चारचौघांत अपमानाच्या हेतूने दिव्यांग व्यक्तीचा पाणउतारा करणं हा 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 92 प्रमाणे गुन्हा आहे, सहा महिने ते पाच वर्षं कैदेचा. पण नुसत्या धाकाने सवय मोडत नाही. मुकादम पाच आकडे थांबला, की तुम्हीही त्याला तसं बोलून दाखवा. त्यालाही कुणी सांगितलेलं नसतं हो.

आठवड्यातून एकदा टेबलाशी उभं राहून कागदावर टिपा : कोणती पायरी कामगाराने आपली आपण केली, कुठे बोट लागलं. फेब्रुवारीत नव्या मालाची घाई सुरू होण्याआधी हे बसवून घ्या. गर्दीत मुकादम पहिल्या सवयीवर जातात.