दार बंद, खिडकी उघडी

प्रश्न : वन बीएचके फ्लॅटमध्ये आम्ही पाच जण राहतो. सासूबाई 76 वर्षांच्या, त्यांना दमा आहे. थोरला मुलगा परवा क्लासहून कणकण घेऊनच आला. आता ताप, खोकला, अंग ठणकतंय. डॉक्टर म्हणाले, फ्लू दिसतोय. मी दाराच्या कड्या, रिमोट, मोबाइल सगळं सॅनिटायझरनं पुसतेय, भाज्या मिठाच्या पाण्यात घालतेय. नवरा म्हणतो, एवढ्याशा घरात व्हायचं ते होणारच. सासूबाईंना कसं जपू?
– एक सूनबाई, चिंचवड

उत्तर : सूनबाई, तुमचे यजमान म्हणतात तसं 'होणारच' असं काही नाही. आणि तुम्ही जिथे घाम गाळताय ती जागाही थोडी चुकतेय. हे मी वरच्या पायरीवर बसून सांगत नाही. 2020 च्या सप्टेंबरात मी स्वतः दुधाच्या पिशव्या साबणानं धूत होते, नोटांवर इस्त्री फिरवत होते. त्याच संध्याकाळी डास येतात म्हणून खिडक्या लावल्या, एसी चालू केला आणि 'जरासा घसा धरलाय' म्हणणाऱ्या भाच्याबरोबर दीड तास कॅरम खेळले. चौथ्या दिवशी मला ताप. बत्तीस वर्षं दवाखाना चालवणारी बाई! तेव्हापासून माझ्या तपासणीच्या खोलीतली रंगानं चिकटून बसलेली खिडकी सुतार बोलावून मोकळी करून घेतली आहे.

फ्लू असो नाहीतर कोविड, हे विषाणू वस्तूंवरून पसरतच नाहीत असं नाही. स्टील-प्लॅस्टिकवर फ्लूचा विषाणू दिवसभरही तग धरू शकतो. पण घरातल्या घरात मोठा धोका असतो तो हवेचा. खोकल्याबरोबर मोठे थेंब उडतात, ते हात-दोन हातांवर खाली पडतात. बारीक कण मात्र उदबत्तीच्या धुरासारखे खोलीभर तरंगत राहतात. 1977 साली अमेरिकेत अलास्कामध्ये एक विमान इंजिन बिघडल्यामुळे सुमारे तीन तास जमिनीवरच अडकून पडलं. आत 54 माणसं, एका प्रवाशाला फ्लू, आणि हवा खेळवणारी यंत्रणा बंद. तीन दिवसांत 72 टक्के प्रवासी आजारी पडले. पावसात सगळ्या काचा ओढून घेतलेली आपली एसटी आठवा, किंवा मुलाचा तो एसी क्लास.

आता तुमचं घर. मुलाला बेडरूम द्या आणि सासूबाईंची कॉट हॉलमध्ये हलवा. पुष्कळ घरांत याच्या नेमकं उलट होतं. 'आजी एकटी कशी झोपेल' म्हणून आजारी नातू आजीच्याच खोलीत. बेडरूमचं दार लावलेलं आणि खिडकी सताड उघडी ठेवायची. घरात टेबल फॅन असेल तर तो खिडकीत ठेवा, तोंड बाहेरच्या बाजूला. तो खोलीतली हवा बाहेर फेकेल आणि दाराच्या फटीतून हॉलची हवा आत ओढली जाईल. सीलिंग फॅन नुसतीच तीच हवा ढवळतो. नीट चाललंय का ते पाहायचं असेल तर सासूबाईंना दोन मिनिटं गॅलरीत बसवा (दम्याला धूर नको) आणि बंद दाराच्या फटीशी हॉलच्या बाजूनं पेटती उदबत्ती धरा. धूर खोलीत ओढला गेला पाहिजे. हॉलमध्ये परत येत असेल तर पंख्याची जागा बदला, किंवा हॉलची खिडकीही थोडी उघडा. बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन असेल तर मुलानं वापरल्यावर अर्धा तास चालू ठेवा. खिडकीच्या जाळीवर दोन वर्षांची धूळ बसली असेल तर ती आधी झाडून घ्या, नाहीतर खिडकी उघडी असून बंदच. डासांसाठी मच्छरदाणी लावा, खिडकी लावू नका.

मुलगा खोलीबाहेर येईल तेव्हा त्याच्या तोंडावर मास्क, आणि त्याच्या खोलीत जाईल त्याच्याही. त्याची सेवा सगळ्यांनी वाटून घेऊ नका, एकानंच करा. सासूबाईंनी त्या खोलीत जायचं नाही. नातवाच्या कपाळावर हात ठेवल्याशिवाय त्यांना चैन पडणार नाही, ठाऊक आहे मला. व्हिडिओ कॉल लावून द्या, घरातल्या घरात असला तरी.

मास्क एन-95 मिळाला तर उत्तम. मात्र नाकावरची पट्टी चिमटीत धरून दाबा, श्वास सोडल्यावर डोळ्यांकडे वारं येता कामा नये. चष्म्यावर वाफ धरली म्हणजे मास्क नीट बसलेला नाही. पुढे झडप असलेला मास्क मुलाला देऊ नका, त्यातून त्याचा श्वास न गाळताच बाहेर येतो. रुमाल आणि पदर यांच्यावर भिस्त ठेवू नका. 2009 मध्ये स्वाइन फ्लूनं देशातला पहिला बळी आमच्या पुण्यात घेतला, 3 ऑगस्टला. त्यानंतरचे ते दिवस मला अजून दिसतात. शाळा बंद, गल्लीत शुकशुकाट, जो तो तोंडाला रुमाल बांधलेला, गळ्यात कापूर-वेलचीची पुरचुंडी. आणि तपासणी केंद्राबाहेर मात्र नुसती शंका आलेली माणसं खऱ्या आजाऱ्यांना खेटून तासन् तास उभी. पुरचुंडीनं नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, एवढंच.

पुसापुशीचं म्हणाल, तर दिवसातून एकदा कड्या, नळ, बटणं पुसा, बस्स. त्यापेक्षा बेसिनजवळ टांगलेला तो एकुलता एक नॅपकिन आधी काढा. सगळं घर त्यालाच हात पुसतं, मग साबणाला काय अर्थ राहिला? प्रत्येकाचा टॉवेल वेगळा. हात धुवायला साधा अंगाचा साबण चालतो. या विषाणूंचं बाहेरचं वेष्टण स्निग्ध असतं, साबणानं कढईचा ओशटपणा जातो तसं तेही फुटतं. फक्त वीस सेकंद चोळा, अंगठा आणि नखांच्या कडा विसरू नका. भाजी पाण्यानं धुतली की पुरे, मीठ कशाला वाया घालवता!

फ्लू झालेला माणूस लक्षणं दिसण्याच्या आदल्या दिवसापासूनच दुसऱ्यांना आजार देऊ शकतो, आणि साधारण पाच ते सात दिवस देत राहतो. पहिले तीन-चार दिवस सगळ्यांत जोखमीचे. म्हणजे तुम्ही उशीर केला असं वाटून घेऊ नका, पण आजची रात्र महत्त्वाची. पॅरासिटामॉल न घेता 24 तास ताप आला नाही आणि बरं वाटायला लागलं, की खोलीचं दार उघडा, पण आणखी चार-पाच दिवस मास्क आणि उघडी खिडकी राहू द्या.

सासूबाईंचा रोजचा इनहेलर एक दिवसही चुकवू नका. त्यांना ताप किंवा नवा खोकला आला तर 'बघू उद्या' नको, त्याच दिवशी त्यांच्या डॉक्टरांना फोन करा. फ्लूवरचं औषध पहिल्या 48 तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या विषाणूला लागू पडत नाहीत. बसल्या जागी धाप लागणं, एक वाक्य सलग बोलता न येणं, ओठ निळसर दिसणं, बडबडणं किंवा गुंगी, ऑक्सिजन 94 च्या खाली, यांतलं काहीही दिसलं तर थेट हॉस्पिटल. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते. आपल्याकडे पावसाळ्यात आणि पुन्हा जानेवारी ते मार्चच्या सुमारास फ्लू उसळतो, म्हणून पुढच्या वर्षी त्यांना मे महिन्यातच टोचून आणा. न्यूमोनियाच्या लशीचंही त्याच वेळी विचारा.

प्रश्न : रोज दोनदा वाफ घेतली तर विषाणू घशातच मरतो ना?
– एक वाचक, मिरज

उत्तर : नाही. विषाणू मरेल इतकी गरम वाफ घेतली तर आधी तुमचा घसा भाजेल. चोंदलेलं नाक सुटतं म्हणून घेत असाल तर घ्या, पण घरात लहान मूल असताना उकळत्या पाण्याचं पातेलं जमिनीवर ठेवून डोक्यावरून टॉवेल घेऊ नका. भाजलेली पोरं मी पाहिली आहेत.

प्रश्न : आमचं महिलांचं भजनी मंडळ दर गुरुवारी एकीच्या घरी जमतं. सध्या दोघी-तिघी खोकतायत. अंतर ठेवून बसलं तर चालेल का? टाळ सॅनिटाइज करावेत का?
– एक भजनी, सातारा

उत्तर : टाळांचं राहू द्या, गळ्यांचं बघा. मार्च 2020 मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात एका समूहगायन मंडळाची अडीच तास तालीम झाली. 61 जण होते, त्यांतल्या एकाला लक्षणं होती. शेवटी 53 जणांना कोविड झाला, दोघं दगावले. गाताना, त्यातही टिपेला, आपण गप्प बसलेल्या माणसापेक्षा कितीतरी जास्त कण हवेत सोडतो. बंद खोलीत हातभर अंतर ठेवून त्यावर इलाज होत नाही. पाऊस नसेल त्या गुरुवारी गच्चीवर बसा, नाहीतर देवळाच्या मोकळ्या सभामंडपात. तशी सोय नसेल तर अडीच तासांचं भजन पाऊण तासावर आणा, देव रागावणार नाही. खोकणाऱ्या दोघी-तिघींना या खेपेला घरीच राहू द्या, फोन स्पीकरवर टाकून त्यांना ऐकवा. प्रसाद मात्र त्यांच्या दारात नेऊन ठेवा, बेल वाजवा आणि मागे सरका.