वन बीएचकेत होमस्कूलिंगसाठी खोली कुठून काढायची?

मुलाला घरीच शिकवायचं ठरवलेले आईवडील माझ्याकडे येतात, तेव्हा अभ्यासक्रम, परीक्षा, नातेवाइकांचे टोमणे हे सगळं नंतर निघतं. आधी निघते जागा. ‘वन बीएचके आहे मॅडम, त्यात सासूबाई. अभ्यासाची खोली कुठून काढू?’ मुंबईत ही काळजी अगदी खरी आहे आणि ती हसण्यावारी नेऊ नये असं मला वाटतं. चारशे चौरस फुटांत चार माणसं राहतात तिथे एक टेबल आलं की कुणाची तरी ऊठबस बदलते. ते ‘कुणाची तरी’ नेमकं कुणाची, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

हे कुटुंब कांजूरमार्गचं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून, त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. मुलगा ९ वर्षांचा. तिसरीपर्यंत शाळेत होता. वाचनाचा वेग कमी, वर्गात उभं करून वाचायला लावलं की आवाज बसायचा, मागून हसू यायचं. पुढे रोज सकाळी पोटात दुखायला लागलं. डॉक्टरांना काहीच सापडलं नाही. शेवटी आईने अकाउंट्सची नोकरी सोडली आणि होमस्कूलिंग सुरू केलं.

सुरुवात त्यांनी मनापासून केली. हॉलमध्ये खिडकीखाली आजींचा दिवाण होता, तो बेडरूममध्ये ढकलला. रात्री आजी हॉलमध्ये गादी घालून झोपू लागल्या. ‘मला काय, मी कुठंही पडेन,’ असं म्हणून त्यांनी स्वतःच जागा देऊ केली होती. खिडकीखाली टेबल, भिंतीवर व्हाइटबोर्ड, शेजारी पाढ्यांचा तक्ता आणि तासिकांचं वेळापत्रक. आईने मला फोटो दाखवला. कोपरा सुरेख होता, कुणालाही हेवा वाटावा असा.

दीड महिन्यात मुलाचं पोट पुन्हा दुखायला लागलं.

आईने याचा अर्थ काढला की जागा अपुरी पडते आहे. दार लावता येत नाही, कुकरची शिट्टी, सिरियलचा आवाज, बाबांचे घरून चालणारे कॉल, शेजारच्या इमारतीचं रिडेव्हलपमेंट. बदलापूरला टू बीएचके भाड्याने बघून झाला होता, टोकन देणं तेवढं बाकी होतं. बाबांचा लोकलचा प्रवास वाढणार होता, आजींचे डॉक्टर बदलणार होते, मुलाचे सोसायटीतले मित्र तुटणार होते. एका खोलीसाठी हे सगळं करायला ते तयार होते. मी त्यांना टोकन दोन आठवडे थांबवायला सांगितलं.

मुलाला मी कोरा कागद दिला आणि म्हटलं, वरून बघितलं तर तुमचं घर कसं दिसेल ते काढ, आणि कोण कुठे असतं तेही काढ. मुलांशी बोलताना मला हा मार्ग फार उपयोगी पडतो. सरळ प्रश्नाला नऊ वर्षांचं मूल ‘माहीत नाही’ म्हणतं, पण चित्रात ते जागा वाटून देतं. त्याने बाबांना बेडरूममध्ये लॅपटॉपसमोर काढलं. स्वतःला गॅलरीत, कुंड्यांजवळ. अभ्यासाच्या कोपऱ्यात त्याने टेबल काढलं आणि वर लिहिलं, ‘आईचं ऑफिस’. आजी हॉलच्या मधोमध उभी होती.

‘आजी उभी का रे?’

‘तिची जागा मी घेतली ना.’

या एका वाक्यातून पुढचं बरंच काम सुचलं. त्याच्या पोटदुखीचं सगळं कारण तेवढंच होतं असं मी म्हणणार नाही. पण दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. ज्या फळ्यासमोर त्याला घाम फुटायचा, तोच फळा आता हॉलच्या भिंतीवर होता, आणि शिक्षकांच्या जागी आई. शिवाय त्या खुर्चीत बसताना आपण आजीला उठवलंय, हे ओझंही त्याच्या डोक्यावर होतं. बदलापूरला दार असलेली खोली मिळाली असती, तरी या दोन्ही गोष्टी सामानाबरोबर तिथे गेल्या असत्या.

ठरावीक जागेचा मुलाला उपयोग नक्की होतो. रोज तीच सतरंजी, तोच उजेड, तेच सामान दिसलं की मन कामाला लागायला कमी वेळ घेतं. पण त्यासाठी जागा कायमची अडवून ठेवावी लागत नाही. रोज मांडायची आणि आवरायची जागाही तेच काम करते, आणि मला तर लहान घरात तीच बरी वाटते. सामान पेटीत गेलं की अभ्यास संपला, हे मुलाला दिसतं. ज्या घरात फळा चोवीस तास समोर असतो तिथे शाळा कधी सुटतच नाही.

मग आम्ही सगळ्यांनी मिळून, आजींनाही बोलावून, घर पुन्हा मांडलं. दिवाण खिडकीखाली परत आला. त्याच्या खणातला एक कप्पा मुलाचा: वह्या, रंग, भूमितीची पेटी, वाचायची पुस्तकं. टेबलाऐवजी भिंतीला लावायचं घडीचं फळीटेबल आलं. ते अशा बाजूला लावलं की खिडकीचा उजेड डावीकडून येईल, कारण तो उजव्या हाताने लिहितो आणि लिहिताना हाताची सावली वहीवर पडू नये. खुर्चीवर त्याचे पाय लोंबकळायचे, म्हणून खाली पाट ठेवला. व्हाइटबोर्ड काढून टाकायला आई तयार नव्हती. तो गॅलरीच्या दारामागे गेला आणि त्यावर लिहायचा हक्क मुलाला मिळाला. पावसाळ्यात खिडकीजवळचं सगळं ओलसर होतं, वह्यांना वास येतो, म्हणून जून ते सप्टेंबर कप्प्यातलं सामान झाकणाच्या प्लास्टिक डब्यात ठेवायचं, हे आजींनी सुचवलं.

वेळेची वाटणीही तितकीच महत्त्वाची. सकाळी साडेनऊ ते बारा हॉल अभ्यासाचा. तेव्हा टीव्ही बंद, बाबांचे कॉल बेडरूममध्ये दार लावून, बेल वाजली तर उठायचं ते आजींनी. संध्याकाळी सातनंतर हॉल आजींच्या मालिकांचा, तेव्हा मुलाने कुरकुर करायची नाही. सकाळच्या वेळात आजी दिवाणावर पेपर वाचत बसतात आणि नातू अडखळत का होईना, त्यांना मोठ्याने बातम्या वाचून दाखवतो. आजींना बारीक अक्षर दिसत नाही, त्यामुळे त्याच्या संथ वाचनाची तिथे गरज असते. हे मी सुचवलेलं नाही, त्यांचं त्यांनीच जमवलं.

आईबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. होमस्कूलिंगच्या सल्ल्यांत मुलाच्या कोपऱ्याचं भरपूर बोललं जातं, शिकवणाऱ्या बाईच्या जागेचं कुणी बोलत नाही. नोकरी सुटलेली, दिवसभर घर, आणि त्या घरातही ती आई, सून आणि बाई या तिन्ही भूमिकांत. मुलाने एक गणित चुकवलं की आपला निर्णयच चुकला, असं तिला वाटायचं. मी तिला दुपारचे दोन तास मागितले. त्या वेळात तिने बेडरूममध्ये दार लावून स्वतःचं काम करायचं. तिने घरून दोन दुकानांचे हिशेब लिहायला घेतले. मुलावरची तिची नजर तेव्हापासून सैल झाली, हे तिने स्वतःच सांगितलं.

‘कुणी घर तपासायला आलं तर?’ हा बाबांचा प्रश्न. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली, ग्रंथालय, मैदान वगैरे निकष आहेत, पण ते शाळेच्या इमारतीसाठी आहेत. घरात अभ्यासाची स्वतंत्र खोली असावी अशी अट त्यात नाही. परीक्षेचीही घाई नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत म्हणजे एनआयओएसमध्ये दहावीच्या स्तरावर प्रवेशासाठी किमान १४ वर्षं वय लागतं. त्याआधी त्यांच्याकडे तिसरी, पाचवी आणि आठवीला समकक्ष असे मुक्त मूलभूत शिक्षणाचे स्तर आहेत. प्रवेशाच्या तारखा आणि अटी दर वर्षी त्यांच्या माहितीपत्रकात बघून घ्याव्यात.

घर लहान असेल तर आठवड्यातला एक दिवस बाहेर काढावा, असा माझा आग्रह असतो. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र, राणीची बाग, माहीमचं निसर्ग उद्यान, दादरचं ग्रंथालय. शाळेच्या मुलांना हे सुट्टीच्या गर्दीत बघावं लागतं, याला मंगळवारी दुपारी रिकाम्या लोकलने जाता येतं. भांडुप पंपिंग स्टेशनजवळ खाडीत हिवाळ्यात फ्लेमिंगो येतात. बाबा त्याला रविवारी पहाटे तिकडे घेऊन जातात आणि तो पक्ष्यांची नोंदवही ठेवतो. एरवी चार ओळी लिहायला कंटाळणारा हा मुलगा त्या वहीत पानभर लिहितो.

बदलापूरचा फ्लॅट त्यांनी सोडला. पोटदुखी बरीच कमी झाली आहे, पूर्ण थांबलेली नाही. नवीन धडा असला की सकाळ जड जाते. वाचनाच्या अडचणीसाठी त्याची अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यायला मी सांगितलं आहे. जागा नीट लावल्याने ती अडचण जाणार नाही, तिच्यावर वेगळं काम करावं लागेल. आणि बारा-तेराचा झाला की त्याला दार बंद करावंसं वाटेल. तेव्हा दुपारची बेडरूम आईला त्याच्याबरोबर वाटून घ्यावी लागणार आहे, हे आम्ही आत्ताच बोलून ठेवलं आहे.