सहीचा अधिकार नसलेली नोकरी

प्रिय डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. एमबीबीएसनंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेचं, बाँडचं वर्ष संपत आलं आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्व्हेलन्स मेडिकल ऑफिसर (एसएमओ, म्हणजे जिल्ह्यातल्या रोगांवर नजर ठेवणारा डॉक्टर) पदाची जाहिरात आली आहे, आणि घरचे म्हणतात की सरकारी नोकरीत कायम होण्याची संधी सोडून करारावर कुठे जातेस. तू मला विचारलंस, "मॅडम, अर्ज करू का?" माझं उत्तर 'कर' असं आहे. पण ही नोकरी रोजच्या रोज काय मागते ते जाहिरातीत लिहिलेलं नसतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आज तू प्राथमिक आरोग्य केंद्रात, पीएचसीत बसतेस तिथे तुझ्या सहीला किंमत आहे. एएनएमची (उपकेंद्रातल्या नर्सताईंची) रजा, औषधांची मागणी, आशाताईंच्या मोबदल्याची बिलं तुझ्या सहीने पुढे सरकतात. संघटनेत गेलीस की ही सही संपली. लस सरकारची, कर्मचारी सरकारचे, निर्णयही सरकारचा. तुला कोणाची बदली करता येत नाही, कोणाला नोटीस देता येत नाही, एक रुपयाचा खर्च मंजूर करता येत नाही. तू जाऊन बघायचं, मोजायचं आणि बघितलेलं योग्य माणसाला योग्य वेळी सांगायचं. एवढ्या भांडवलावर जिल्हा हलवायचा असतो. तो हलतो, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. मात्र त्यासाठी तू दिलेला आकडा कधीही खोटा ठरता कामा नये. या पत्रात मला सांगायचं आहे ते एवढंच, पुढचं सगळं त्याचाच तपशील आहे.

भारत सरकार आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून १९९७ मध्ये राष्ट्रीय पोलिओ सर्वेक्षण प्रकल्प उभा केला. त्यातून हे एसएमओ जिल्ह्याजिल्ह्यांत गेले. २००९ मध्ये जगात पोलिओचे १,६०४ रुग्ण सापडले, त्यातले ७४१ आपल्या देशात होते. पुढच्या वर्षी ४२. त्यानंतर हावडा जिल्ह्यातली एक मुलगी, १३ जानेवारी २०११, आणि मग कोणीच नाही. २७ मार्च २०१४ ला भारतासह संघटनेचा आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. तुझी पिढी हे आकडे परीक्षेपुरते पाठ करते. मी पश्चिम उत्तर प्रदेशात होते तेव्हा आम्हाला उद्याचा दिवस कसा जाणार तेही माहीत नसायचं, म्हणून मला हे आकडे अजून नीट शांतपणे वाचता येत नाहीत.

कामाचा गाभा म्हणजे लुळेपणाचा शोध. १५ वर्षांखालच्या कोणत्याही मुलाच्या हातापायातली ताकद अचानक गेली, अंग सैल पडलं, की ती एएफपी, म्हणजे अचानक आलेल्या सैल लुळेपणाची केस. कारण काय असेल याचा अंदाज बांधत बसायचं नाही. खबर आल्यापासून ४८ तासांत त्या घरी पोचायचं. शौचाचे दोन नमुने घ्यायचे, दोन्हींत किमान २४ तासांचं अंतर, आणि दोन्ही लुळेपणा सुरू झाल्यापासून १४ दिवसांच्या आत, कारण विषाणू त्याच काळात जास्त बाहेर पडतो. नमुने बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पाठवायचे. त्यासाठीचा कॅरियर (बर्फाचा डबा) वेगळा ठेवायचा, लसीचा कधीही वापरायचा नाही. ६० दिवसांनी त्याच मुलाकडे परत जाऊन पायात ताकद आली का ते बघायचं. आपल्या परळला, हाफकिनच्या आवारात, एंटरोव्हायरस रिसर्च सेंटर होतं, आता ते राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेचं मुंबई युनिट आहे. देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेले असे असंख्य नमुने तिथे तपासले गेले. तिथे काम करणाऱ्या लोकांची नावं वर्तमानपत्रात फारशी आली नाहीत. संधी मिळाली तर त्यांना भेट.

यात एक गोष्ट नीट समजून घे, कारण पुष्कळ हुशार डॉक्टर इथेच अडखळतात. पोलिओ नसतानाही लुळेपणा येतो. गियाँ-बारे हा नसांचा आजार येतो, मज्जारज्जूला सूज येते, चुकीच्या जागी दिलेल्या इंजेक्शनने नस दुखावते. दर लाख मुलांमागे वर्षाला असा निदान एक रुग्ण सापडायलाच हवा. भारताने तर स्वतःसाठी दोनचा निकष ठेवला. एखाद्या जिल्ह्याने वर्षभर शून्य दाखवलं, तर त्याचा अर्थ तिथे रोग नाही असा होत नाही, तिथे कोणी बघत नाही असा होतो. आणि न बघणं किती महागात पडतं? पोलिओची लागण झालेल्या सुमारे दोनशे मुलांमागे एखाद्याचाच पाय जातो. बाकीची खेळत असतात आणि विषाणू पसरवत असतात. म्हणजे एक रुग्ण दिसला तेव्हा शेकडो आधीच होऊन गेलेले असतात.

म्हणून शोधायला कुठे जायचं तेही सांगते. सिव्हिल हॉस्पिटलच्या बालरोग वॉर्डाचं रजिस्टर सगळेच बघतात. तू फिजिओथेरपी विभागाचं बघ. आईबाप आधी जिथे जातात तिथे जा. हाडवैद्य, मालिश करणारा, मांत्रिक, गल्लीतला डिग्री नसलेला डॉक्टर, हे सगळे तुझे खबरे झाले पाहिजेत. त्यांच्याकडे पाहून नाक मुरडलंस तर खबर मिळणार नाही. आमच्या जिल्ह्यात एक वयस्कर हाडवैद्य होते. लुळं पडलेलं मूल आलं की तेल लावण्याआधी आमच्या ऑफिसात माणूस पाठवायचे. कोणत्याही शासन निर्णयाने त्यांना तसं करायला सांगितलं नव्हतं. आम्ही दर वेळी जायचो, आणि त्या मुलाचं पुढे काय झालं ते त्यांना परत येऊन सांगायचो. एवढ्यावर ते नातं टिकलं होतं.

आता मोहिमेबद्दल. एका राष्ट्रीय फेरीत सुमारे १७ कोटी मुलांना डोस द्यायचे. पहिल्या दिवशी बूथ, मग घरोघर. पाच वर्षांखालच्या सगळ्या मुलांना डोस मिळाला की दारावर खडूने 'पी', एखादं मूल राहिलं की 'एक्स'. डोस दिलेल्या मुलाच्या डाव्या करंगळीला शाई. एसएमओ मागाहून फिरतो आणि 'पी' लिहिलेल्या घरांत शिरून करंगळ्या बघतो. 'पी' आहे पण करंगळी कोरी, त्याला आम्ही 'फॉल्स पी' म्हणायचो. 'एक्स' घराची मला कधी भीती वाटली नाही, उद्या टीम तिथे परत जाणारच असते. फॉल्स पी मात्र नकाशावरून मूलच पुसून टाकतो.

संध्याकाळी डीएमच्या, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या, अध्यक्षतेखाली बैठक असते. तुझ्या हातात दिवसभराचे आकडे असतात. समोर ब्लॉकचे (तिथल्या तालुक्यासारख्या विभागांचे) वैद्यकीय अधिकारी बसलेले, दिवसभर उन्हात फिरून आलेले. तू उठून "अमुक ब्लॉकमध्ये इतके फॉल्स पी" असं वाचलंस तर डीएम त्या माणसाला सगळ्यांसमोर झाडतील. पुढच्या फेरीत तो तुला गाव दाखवणार नाही, गाडी देणार नाही, आणि खरी माहिती तर नाहीच नाही. आकडा लपवायचाही नाही, ही या नोकरीतली सगळ्यात अवघड जागा. मला जमलेली पद्धत अशी: बैठकीच्या तासभर आधी त्या डॉक्टरांना गाठायचं, घरांचे नंबर त्यांच्या हातात द्यायचे, टीम परत कधी जाणार ते त्यांच्याकडूनच ठरवून घ्यायचं. मग बैठकीत आकडाही सांगायचा आणि त्यांनी आखलेला उपायही त्यांच्याच तोंडून येऊ द्यायचा. त्या माणसाची अब्रू राहते आणि मूलही सापडतं. टीममधल्या बाईला दिवसाला शंभरावर घरं करावी लागतात आणि तिला मिळणारं मानधन अगदी तुटपुंजं असतं, हेही विसरू नकोस. फॉल्स पी दिसला की आधी तिचा मायक्रोप्लॅन, म्हणजे कोणत्या दिवशी कुठली घरं करायची त्याचा आराखडा बघ. एका टीमला दोन टीमांचं काम दिलेलं असतं, असं कित्येकदा निघतं.

नकार देणाऱ्या घरांबद्दल बाहेर फार उथळ बोललं जातं. अफवा होत्या, या थेंबांनी मुलं वांझ होतील अशा. पण आम्हाला दारात ऐकू यायचं ते बहुतेक वेळा दुसरंच असायचं: नाली तुंबली आहे, वीज नाही, मूल जुलाबाने गेलं तेव्हा कोणी आलं नाही, आणि हे थेंब मात्र दर महिन्याला. ते चूक नव्हते. पश्चिम उत्तर प्रदेशात तोंडावाटे द्यायच्या लसीचा प्रत्येक डोस इतर ठिकाणांपेक्षा कमी लागू पडत होता. दाट वस्ती, घाण पाणी, सततचे जुलाब ही त्यामागची कारणं धरली जातात. लोकांची तक्रार आणि आमचं शास्त्र एकाच नालीकडे बोट दाखवत होतं. पुढे उत्तर प्रदेशातले ६६ आणि बिहारमधले ४१ असे १०७ ब्लॉक निवडले गेले, आणि तिथे डोसांबरोबर हात धुणं, जुलाबावर ओआरएस आणि झिंक, स्वच्छता यांवरही जोर दिला गेला. २०१० मध्ये दोन प्रकारांवर चालणारी नवी लस आली. युनिसेफने वस्तीतल्याच बायकांना संवादाचं काम दिलं, अलीगढ मुस्लिम विद्यापीठ आणि जामिया मिल्लियातली माणसं सोबत आली. विश्वास असा सगळ्या बाजूंनी परत मिळवावा लागला. दारात उभी राहशील तेव्हा आधी ऐक. पटवून देण्याची घाई करू नकोस.

बाई असण्याचा इथे मोठा फायदा आहे. पुरुष सहकारी ओसरीवर थांबतात, तुला आतल्या खोलीत नेतात. नवजात बाळ तिथे असतं. ते कुठल्याच यादीत नसतं, कारण बाळंतीण माहेरी आलेली असते आणि यादी सासरच्या गावात बनलेली असते. अडचणीही आहेत. दिवसभर शौचालय मिळत नाही, रात्री उशिरा परतावं लागतं, काही अधिकारी तुझ्याऐवजी तुझ्या ड्रायव्हरशी बोलतात. ड्रायव्हर निवडताना चौकशी कर, आणि रात्रीच्या प्रवासाचा नियम पहिल्याच आठवड्यात ठरवून टाक. त्यात संकोच नको.

सरकारशी नातं हा वेगळाच विषय आहे, त्यातलं एकच सांगते. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची बातमी आली आणि काही दिवसांत शहरातून लाखो लोक निघून गेले, देशोदेशीच्या विमानसेवा थांबल्या, व्यापार अडला. साथ जाहीर करण्याची किंमत सरकारला ठाऊक असते. एखादा अधिकारी "आत्ता नको, खात्री झाल्यावर बघू" म्हणतो तेव्हा त्याला लगेच भित्रा ठरवू नकोस. त्याची खात्री लवकर कशी होईल ते बघ: नमुना आजच पाठव, लाइन लिस्ट (एकेका रुग्णाच्या नोंदीची यादी) पूर्ण कर. मात्र लिहिलेला आकडा बदलायला सांगितलं, तर बदलायचा नाही. आवाज न चढवता, कागद पुढे ठेवून नाही म्हणायचं. अशी वेळ येते.

पैशांबद्दल तुझ्या आईबाबांची काळजी खरी आहे. संघटनेचा बहुतेक पैसा देणगीदारांकडून ठरावीक कामासाठी बांधून येतो. काम आटोपलं किंवा देणगीदाराचं मन बदललं की पद जातं. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं, आणि २०२६-२७ चं अंदाजपत्रक ५.३ अब्ज डॉलरवरून ४.२ अब्जांवर आणावं लागलं. चांगल्या चांगल्या माणसांच्या नोकऱ्या गेल्या. म्हणून सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेव, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी चालू ठेव, आणि स्वतःचं शिक्षण पूर्ण कर: एमडी पीएसएम (सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी), किंवा चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेतला अभ्यासक्रम, किंवा दिल्लीतल्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राचं (एनसीडीसी) ईआयएस हे साथींच्या तपासाचं प्रशिक्षण. जिनिव्हाची स्वप्नं जरूर बघ. तिथल्या बहुतेक पदांना पदव्युत्तर पदवी लागते आणि इंग्रजीखेरीज दुसरी भाषा उपयोगी पडते, फ्रेंच आत्तापासून शीक. पण आधी निदान दोन-तीन वर्षं जिल्ह्यात काढ. भारतातल्या जिल्ह्यांत घडलेल्या एसएमओंना नायजेरियात बोलावलं गेलं, ते इथल्या ब्लॉकचा नकाशा वाचता येत होता म्हणून.

पोलिओ संपला मग आता काय उरलं, असं तुझे बाबा विचारतात. गोवर उरला आहे. २०२२ मध्ये गोवंडी, भिवंडी, मालेगावात काय झालं ते तू पाहिलंस. गोवर-रुबेला संपवण्यासाठी देशाने २०२६ चं लक्ष्य ठेवलं होतं. ते काम आता याच यंत्रणेच्या अंगावर आहे.

अर्जाची मुदत संपण्याआधी एक काम कर. तुझ्या पीएचसीच्या हद्दीत साखर कारखान्याजवळ ऊसतोडीच्या टोळ्या उतरल्या असतील, वीटभट्ट्याही आहेत. एका सुट्टीच्या दिवशी एएनएमताईंना आणि आशाताईंना बरोबर घेऊन जा. पाच वर्षांखालचं प्रत्येक मूल मोज, कार्ड बघ, कार्ड नसेल तर आईला विचार, गोवर-रुबेलाचे दोन्ही डोस कोणाचे झाले आणि कोणाचे राहिले ते लिही. मग उपकेंद्राच्या यादीशी ताडून बघ, यातली किती मुलं त्या यादीत आहेत. जी राहिली आहेत त्यांना कोण, कधी डोस देणार ते तिथेच ठरव. मग मला आकडे पाठव. रविवारी सकाळी मी घरी असते, फोन कर. मुलाखतीत काय विचारतात ते तेव्हा बोलू.

तुझी,
मॅडम