पान मिटून सांग

चि.,
अनेक आशीर्वाद.

परवा खानापूरच्या स्टँडवर तुझी बस लागली आणि बोलणं अर्धं राहिलं. दहावीपर्यंत मराठीत शिकलीस, आता पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्स इंग्लिशमध्ये, एनसीईआरटीचं पीडीएफ मोबाइलवर. "वाचताना कळतंय की सर, पेपरात आठवत नाही." म्हणून पुस्तक घेऊ का, विचारलंस.

घे. सेकंडहँड घे. 2018 साली देल्गादो या संशोधकाने सहकाऱ्यांसह कागद आणि स्क्रीनवरच्या वाचनाची तुलना करणारे 54 अभ्यास एकत्र तपासले, त्यांत 1,71,055 वाचक. कागदावर वाचणाऱ्यांना जास्त समजलं होतं. फरक थोडाच, तोही माहितीच्या मजकुरात; नुसत्या गोष्टींत दिसला नाही. तेव्हा कादंबरी खुशाल मोबाइलवर वाच, फिजिक्स नको.

पण पुस्तक घेतलं की सुटलीस असं समजू नकोस. तुझं दुखणं त्या "कळतंय की" मध्ये आहे. अ‍ॅकरमन आणि गोल्डस्मिथ या संशोधकांनी 2011 मध्ये हेच पाहिलं: किती वेळ वाचायचं हे ज्याच्या त्याच्यावर सोडल्यावर स्क्रीनवाले कमी पडले, आणि आपल्याला किती कळलं याचा त्यांचा अंदाज वास्तवाहून बराच फुगलेला होता. म्हणून पान मिटून सांग. आईला सांग, भिंतीला सांग, पण मिटून.

आणि आधी मराठीत सांग. फ्रिक्शनला अडलीस ना? घर्षण तुला आठवीपासून येतं गं! इंग्लिश वाक्य पाठ करून काय मिळवणार आहेस?

हे मी कोणत्या तोंडाने सांगतोय, तेही ऐक. 2020 मध्ये शाळा बंद होती तेव्हा मी पोरांना व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ पाठवायचो. निळी टिक दिसली की वहीत लिहायचो, "धडा झाला." जांबोटीकडची पोरं रेंजसाठी टेकडीवर जायची, फाइल उतरवून घ्यायची आणि खाली यायची. एकालाही मी फोन करून "सांग बघू" म्हटलं नाही. पुढच्या वर्षी वर्गात आली तेव्हा फळ्यासमोर गप्प उभी. त्याआधी तरी काय, "समजलं का?" म्हणायचं, "होऽऽय सर" ऐकायचं आणि पान उलटायचं! आता स्टाफरूममध्ये मला मोबाइलचा वैरी म्हणतात. म्हणू देत. माझं वैर त्या "होय सर"शी आहे, आणि त्यात मी एकटा चुकलो नाही, पोर्शन संपवायची घाई वरूनच असायची.

असो. माझ्याकडे फिजिक्सचं एक जुनं पुस्तक आहे, कोपरे कुरतडलेले, पण पानं पूर्ण. रविवारी ये. तोवर पहिला धडा मोबाइलवरच वाचून ठेव. पुस्तक मी धरतो, तू सांग.

तुझे सर