होडीच्या २४ लिटरच्या प्लास्टिक पेट्रोल टाकीतून गळतंय, एम-सील लावून चालेल का?

नाही, चालणार नाही. या टाक्या पॉलिएथिलीनच्या असतात आणि त्यावर एम-सीलसारखं एपॉक्सी नीट धरतच नाही. दोन-चार दिवसांत कड सुटते. अंगालाच चीर असेल तर टाकी बदला. पण त्याआधी गळती नेमकी कुठे आहे ते बघा, कारण बहुतेक वेळा टाकी धड असते आणि जोड गळत असतो. टाकी पुसून कोरडी करा, नळीवरचा रबरी फुगा दाबून कडक करा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले किंवा पेट्रोल पाझरलं की जागा सापडली. टाकी रात्रभर कोऱ्या पुठ्ठ्यावर, मोकळ्या हवेत ठेवा; डाग दिसला तर दोष टाकीच्या तळाशी आहे.

बदलायचं ते साधारण एवढंच:
- नळी जोडायच्या कनेक्टरमधली ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी (इथे शंका असली तरी नवीनच टाका)
- आतून ८ मिमीची इंधनाची नळी. पाण्याची किंवा गॅसची नको. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुनं रबर फुगतं, मग तडकतं
- स्टेनलेसच्या क्लिपा; साध्या क्लिपा खाऱ्या हवेत गंजतात

उन्हात झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिला तर आत दाब वाढतो आणि चांगला जोडही पाझरतो, तेही तपासा.

हे सुट्या प्लास्टिक टाकीपुरतं. होडीत बसवलेली पत्र्याची टाकी असेल तर ती बाहेर काढून, पूर्ण धुऊन, वाफमुक्त केल्याशिवाय वेल्डिंगला हात लावू देऊ नका: रिकाम्या टाकीतली वाफच स्फोट करते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने होडीच्या तळातही साचते, म्हणून ठिणगी टाळा.