मृत्युपत्रात विहिरीचं काय लिहायचं?

प्रश्न : वरूड तालुक्यात आमचं आठ एकर वावर आहे. त्यातलं पाच एकर वडिलोपार्जित. वडील हयात असतानाच भावांत रजिस्टर वाटणी होऊन माझ्या वाट्याला आलं. तीन एकर मी कमाईतून घेतलं, विहीर आणि संत्र्याची झाडं त्यातच आहेत. पत्नी, दोन मुलं आणि लग्न झालेली मुलगी आहे. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर सगळी शेती मुलांच्या नावे लिहून ठेवली तर चालेल का? बँकेत थोरला नॉमिनी आहे.

उत्तर : स्टॅम्पपेपर लागतच नाही, साधा कागद पुरतो. घोटाळा आहे तो ‘सगळी शेती’ या शब्दांत. सातबारावर एकट्याचं नाव असलं म्हणून वडिलोपार्जित पाचही एकर तुमच्या एकट्याचे होत नाहीत. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर अशा जमिनीत मुलीलाही मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे, लग्न झालं तरी. आज वाटणी धरली तर तुम्ही, पत्नी आणि तीन अपत्यं असे पाच हिस्से पडतात. म्हणजे त्यातला एक एकर आणि विकत घेतलेले तीन, एवढंच तुम्हाला मृत्युपत्राने देता येतं. मुलगी राजीखुशीने हिस्सा सोडत असेल तर तिने स्वतः रजिस्टर हक्कसोडपत्र करावं. तुमच्या मृत्युपत्राने तिचा हक्क जात नाही.

आता विहीर. भांडणं जमिनीपेक्षा पाण्यावरून जास्त पेटतात, आणि मृत्युपत्रात नेमकी तीच ओळ नसते. तीन एकर म्हणजे साधारण 1 हेक्टर 21 आर (आर म्हणजे हेक्टरचा शंभरावा भाग). कोणाला कोणत्या बाजूचे किती आर, हे गट नंबर आणि चतुःसीमेसह लिहा. विहीर एकाच्या तुकड्यात गेली तर दुसऱ्याची पाण्याची पाळी, पाइपलाइन कोणत्या धुऱ्याने (बांधाने) न्यायची, बैलगाडी-ट्रॅक्टरची वाट, वीजबिल आणि मोटारदुरुस्तीचा वाटा, हे सगळं त्यात यायला हवं. ‘दोघांनी मिळून वापरावी’ एवढंच लिहिलं तर पहिल्याच उन्हाळ्यात वाद ठरलेला. सातबाराच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात पीककर्जाचा बोजा असेल तर तो कोणी फेडायचा, तेही ठरवा. पत्नीच्या नावे काय, हे तुम्ही विचारलेलंच नाही. तिच्या हयातीपर्यंत राहतं घर आणि उत्पन्नाचा काही भाग तिला स्पष्ट लिहून द्या.

दोन साक्षीदारांसमोर तुम्ही सही करायची आणि त्यांनी तुमच्यासमोर. दोघेही तुमच्याहून तरुण, आणि ज्यांना काही मिळणार नाही असे असावेत. वाद कोर्टात गेला तर निदान एकाला साक्ष द्यावी लागते, तेव्हा तुमच्याच वयाचा मित्र उपयोगी पडेलच असं नाही. प्रत्येक पानावर सही, खाडाखोडीशेजारी सही, तारीख, ‘यापूर्वीची मृत्युपत्रं रद्द’ हे वाक्य आणि मन ठिकाणावर असल्याचा त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला. रजिस्ट्री सक्तीची नाही, पण तालुक्याच्या दुय्यम निबंधकाकडे करून घ्याच. सही खोटी म्हणणाऱ्याला मग जड जातं.

नॉमिनी बँकेतून पैसे उचलतो, मालक होत नाही. ती रक्कम कोणाला, हे मृत्युपत्रातच लिहा. घराचा ग्रामपंचायतीचा नमुना आठ हा कराचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. गावठाणाची मोजणी झाली असेल तर आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढून जोडा.

तुमच्या पश्चात वारसांनी मृत्यूचा दाखला आणि मृत्युपत्र घेऊन तीन महिन्यांत पटवाऱ्याकडे फेरफारासाठी, म्हणजे सातबारावर नावं चढवण्यासाठी, अर्ज करायचा. कोणी हरकत घेतली तर नोंद विवादग्रस्त होते आणि मालकीचा निकाल दिवाणी कोर्टातच लागतो. म्हणून मूळ प्रत कुठे ठेवली आहे, ते मुलीलाही आजच सांगून ठेवा.