रंग पालटला, की वस्तूच पालटली?

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते. एका उताऱ्यात ‘हर फेस टर्न्ड अ डीप रेड’ असे वाक्य आले. ‘रेड’ हे विशेषण असताना त्याआधी ‘अ’ हे उपपद कसे, असे एका विद्यार्थिनीने विचारले. उपपद आहे म्हणजे येथे ते नाम आहे, असे मी सांगितले. त्यावर तिने ‘टर्न्ड इंटू अ डीप रेड’ असे वाक्य तयार केले. ते खटकते हे मला कळत होते, पण कारण सांगता आले नाही. ‘टर्न’ऐवजी ‘बिकम’, ‘गेट’, ‘गो’ किंवा ‘ग्रो’ चालेल का, हेही कृपया कळवावे.

उत्तर : आपण दिलेले उत्तर बरोबरच होते. ‘रेड’ हा शब्द इंग्रजीत विशेषणही आहे आणि नामही आहे. ‘हर फेस टर्न्ड रेड’ यात तो विशेषण आहे आणि ‘टर्न्ड डीप रेड’ यातही तो सबंध शब्दसमूह विशेषणाचेच काम करतो, त्यामुळे तेथे उपपद लागत नाही. ‘अ डीप रेड’ म्हटले की लाल रंगाची एक विशिष्ट छटा डोळ्यांसमोर येते आणि ती छटा नाम म्हणून उभी राहते. म्हणूनच नुसते ‘टर्न्ड अ रेड’ असे सहसा कोणी म्हणत नाही. कोणती छटा ते सांगणारा एखादा शब्द सोबत असला, तरच ‘अ’ला अर्थ येतो.

आपल्या विद्यार्थिनीची अडचण मात्र याच्या पुढची आहे आणि तिने ती नेमकी पकडली, याचे मला मनापासून कौतुक वाटते. क्रियापदानंतर नाम आले की कर्ता ‘ते’ झाला असे आपण धरून चालतो. डॉक्टर झाली म्हणजे ती डॉक्टर आहे. पण चेहरा काही ‘लाल छटा’ झालेला नसतो. तो त्या छटेचा झालेला असतो. मराठीत हा फरक ‘चा, ची, चे’ हा प्रत्यय आपोआप दाखवतो : ‘चेहरा गडद लाल रंगाचा झाला’, ‘मुलगी तीस वर्षांची झाली’, ‘दोघे एकाच उंचीचे झाले’. इंग्रजीत या ‘चा’च्या जागी ‘ऑफ’ येऊ शकतो आणि ‘ऑफ अ डीप रेड कलर’ अशी रचना लेखी भाषेत आढळतेही. पण रंग, आकार, उंची, वय अशा गुणांच्या बाबतीत तो बहुधा गाळला जातो आणि उघडे नाम मागे उरते. ते दिसते नामासारखे आणि वागते विशेषणासारखे.

हे केवळ अर्थावरून म्हणावे लागते असे नाही, याचा पुरावा वाक्यातच मिळतो. ‘द गर्ल्स बिकेम डॉक्टर्स’ या वाक्यात कर्ता अनेकवचनी आहे, म्हणून पुढचे नामही अनेकवचनी झाले. आता ‘द लीव्ह्ज टर्न्ड अ ब्रिलियंट यलो’ हे वाक्य पाहा. पाने शेकडो आहेत, तरीही ‘अ’ एकवचनीच राहिला आणि ‘यलो’चे अनेकवचन झाले नाही. पाने जर खरोखरच ‘पिवळा रंग’ झाली असती, तर त्या नामाला पानांचे वचन स्वीकारावे लागले असते. ते स्वीकारत नाही, कारण ते पानांचे वर्णन करते, पानांची ओळख सांगत नाही. ‘दे वेअर द सेम साइझ’ यात ‘साइझ’ एकवचनी का, याचेही उत्तर हेच आहे. ही दोन वाक्ये फळ्यावर एकाखाली एक लिहून दाखवावीत. नियम सांगण्याची गरजच उरणार नाही.

आता ‘इंटू’. सुरवंटाचे फुलपाखरू होते, तेव्हा आधीची वस्तू संपून दुसरीच उभी राहते आणि तेथे ‘टर्न्ड इंटू अ बटरफ्लाय’ हेच हवे. मराठीतही तेथे ‘चा’ वर्णनाचा राहत नाही : ‘सुरवंटाचे फुलपाखरू झाले’ यात प्रत्यय कर्त्याकडे सरकतो. चेहरा लाल झाला तरी चेहराच राहतो, म्हणून ‘इंटू’ खटकतो. मात्र ‘द पेल पिंक ऑफ द स्काय टर्न्ड इंटू अ डीप रेड’ हे वाक्य शुद्ध आहे, कारण येथे कर्ता आकाश नसून रंगच आहे आणि एका रंगाचा दुसरा रंग झाला आहे.

क्रियापदांविषयी थोडक्यात सांगतो. अशा वर्णनपर नामासोबत ‘टर्न’ सर्वांत सहज बसते. बोलण्यात ‘गो’ही चालते, जसे ‘ही वेंट अ फनी कलर’. ‘बिकम’ चूक नाही, पण त्यात बदल घडताना दिसत नाही, झाल्याची नोंद तेवढी होते. ‘गेट’ आणि ‘ग्रो’ मात्र टाळावीत. ‘गेट रेड’, ‘ग्रो डार्क’ अशी विशेषणे त्यांना चालतात, पण पुढे नाम आले की अर्थच फिरतो : ‘गॉट अ डॉक्टर’ म्हणजे डॉक्टर मिळवला, आणि ‘ग्रू अ बिअर्ड’ म्हणजे दाढी वाढवली.

आणखी एक रचना विद्यार्थिनीला नक्की आवडेल. ‘द कोल्ड टर्न्ड हिज नोज अ ब्राइट रेड’ यात क्रियापदानंतर लागोपाठ दोन नामे आली आहेत. पहिले ज्यात बदल झाला ते आणि दुसरे त्याचा झालेला रंग. ‘शी पेंटेड द डोअर अ डल ग्रीन’ हेही त्याच घडणीचे आहे. मराठीत अशा ठिकाणी ‘नाक लालबुंद केले’ असे म्हणताना आपण छटा विशेषणातच विरघळवून टाकतो. लालबुंद, हिरवागार, काळाकुट्ट, पांढराफटक असे शब्द हाताशी असल्यामुळे आपल्याला छटेसाठी वेगळे नाम क्वचितच लागते, आणि इंग्रजीतले ते ‘अ’ आपल्याला परके वाटण्याचे हेही एक कारण असावे असे मला वाटते.

प्रश्न : ‘ही बिकेम अ ट्रेटर’ यात ‘अ’ आहे, पण ‘ही टर्न्ड ट्रेटर’ यात नाही. असे का?

उत्तर : ‘बिकम’नंतर आलेले नाम माणसाची ओळख सांगते : तो आता एक गद्दार माणूस आहे. ‘टर्न’नंतरचे उघडे नाम माणूस मोजत नाही, त्याने पालटलेली भूमिका सांगते, म्हणून त्याला उपपदही लागत नाही. कर्ता अनेकवचनी असला तरी ‘दे टर्न्ड ट्रेटर’ असे म्हणता येते. ही रचना अनपेक्षित पालटासाठी शोभते. शिकून डॉक्टर झालेल्या मुलीसाठी ‘बिकेम अ डॉक्टर’ हेच वापरावे. वकिलीतून राजकारणात गेलेल्या व्यक्तीला ‘लॉयर-टर्न्ड-पॉलिटिशियन’ म्हणतात, त्यातही हीच घडण आहे.

‘फॉल’चेही असेच आहे. ‘फॉल इल’ म्हणजे आजारी पडणे आणि ‘फॉल व्हिक्टिम’ किंवा ‘फॉल प्रे’ म्हणजे बळी पडणे. क्रियापदसुद्धा दोन्ही भाषांत तेच आहे. ‘ते अफवेला बळी पडले’ म्हणताना आपण ‘बळी’चे वचन बघत नाही, आणि न्यायालयात दोन साक्षीदार उलटले तरी ते ‘फितूर’च होतात.